मेंढवाड्याखालची जमीन

मास्तरांनी खडू फळ्यावर टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही. रेघ डावीकडे निघाली, मध्येच वळली, स्वतःच्या शेजारून परत आली, आत शिरून गुंडाळली गेली आणि सगळा फळा फिरून झाल्यावर जिथून निघाली होती तिथेच येऊन मिटली. एकदाही तिने स्वतःला ओलांडले नव्हते. मास्तरांची बाही मात्र कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

“हा झाला मेंढवाडा,” ते म्हणाले. “आणि ही रेघ म्हणजे त्याचं कुंपण. कुठे फट दिसतेय का बघा.”

बेकरीवाल्याच्या जुळ्या मुली उठल्या आणि फळ्याला नाक लावून फिरून आल्या. फट नव्हती.

“पण असला वाकडातिकडा वाडा बांधला कोणी?” लांबूने विचारले. लांबू वर्गात सगळ्यांत उंच होता आणि त्याला कुठलीच गोष्ट पहिल्या झटक्यात पटत नसे. “मेंढपाळ येडा होता का?”

“मेंढपाळ शहाणा होता. मेंढरं वाकडीतिकडी होती.”

मुले हसली. मास्तरांनी त्या गुंतागुंतीच्या पार मध्यावर खडूचा एक ठिपका काढला, त्याला दोन कान काढले आणि बाजूला सरकले.

“हे मेंढरू. वाड्याच्या आत आहे की बाहेर?”

मग नुसता गोंधळ झाला. अर्धी मुले आत म्हणाली, अर्धी बाहेर, आणि जुळ्यांपैकी एक आत तर दुसरी बाहेर. मास्तर गंमत बघत उभे राहिले. चर्चमागची ही खोली खरे तर अडगळीची. भिंतीला टेकून खुर्च्यांच्या चळती, एक पाय मोडलेले व्यासपीठ, जुन्या गीतपुस्तकांचे कपाट. गल्लीकडे उघडणारी खिडकी एवढीच काय ती तिची श्रीमंती. उपासना सुरू होण्याआधीचा तास संडे स्कूलचा असे, आणि तो तास निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तरांना मिळाला होता. त्या तासासाठी ते आठवडाभर दाढीचा साबण फेसतानासुद्धा तयारी करत.

“भांडू नका. ओळखायची एक युक्ती आहे,” ते म्हणाले. “फळ्याची ही कड नक्की बाहेर आहे ना? इथून बोट सरळ मेंढराकडे न्यायचं. कुंपण ओलांडलं की ओरडायचं.”

बोट निघाले.

“आत!” मुले ओरडली. “बाहेर! आत! बाहेर! आत!”

बोट मेंढरावर येऊन थांबले.

“दुसऱ्या बाजूनं,” लांबू म्हणाला.

दुसऱ्या बाजूने गेले तरी आत. वरून आले तरी आत. लांबू कोणीतरी फसवल्यासारखा खाली बसला.

“आता ऐका,” मास्तर म्हणाले. “हाच वाडा पुढच्या रविवारी आपण रबरावर काढू. रबर ताणा, दाबा, पिळा, हवं ते करा. वाड्याचा आकार बदलेल, पार ओळखू येणार नाही. पण आतलं मेंढरू आतच राहील. दोनच गोष्टी करायच्या नाहीत. फाडायचं नाही आणि चिकटवायचं नाही. आपल्याही आयुष्यात ताण येतात, आपण ओढले जातो, चेपले जातो. तेवढ्यानं कोणी प्रभूच्या वाड्याबाहेर जात नाही.”

खिडकीतून गल्लीपलीकडच्या सायकलच्या दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर घरघरत असल्याचे ऐकू येत होते.

“आजोबा,” पहिल्या रांगेतून आवाज आला, “मग आई आत आहे की बाहेर?”

विचारणारी मास्तरांची नात होती. तिला सगळे बटण म्हणत. आजीच्या बटणांच्या डब्यात तिचा सदानकदा हात असे, आणि दिसायलाही ती तशीच होती, लहान, गोल आणि घट्ट बसलेली.

“तिची आई रविवारी दुकान उघडते,” जुळ्यांपैकी एकीने माहिती पुरवली. “आमची आजी म्हणते, ती बाहेर गेली.”

“तुझ्या आजीला नाही विचारलं,” बटण म्हणाली. तिची नजर मास्तरांवरून हलली नव्हती.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. इतक्या वर्षांत वर्गातला प्रश्न त्यांनी कधी टोलवला नव्हता. येत नसेल तर येत नाही म्हणत, येत असेल तर सांगत. मुलांना एकदा खोटे सांगितले की पुढची खरी उत्तरेही वाया जातात, असे ते नवीन शिक्षकांना सांगत आले होते.

“पुढच्या रविवारी सांगतो,” ते म्हणाले.

बटणाने मान डोलावली. तिने ते लक्षात ठेवले आहे, हे मास्तरांना दिसले.

*

चर्चच्या पायऱ्या उतरून गल्ली ओलांडली की लेकीचे सायकलचे दुकान, आणि दुकानावरच घर. जावई जहाजावर असे, महिनोन्‌महिने. घरात मास्तर, लेक आणि बटण.

बटणाची आजी आजारी होती तेव्हा चर्चच्या मंडळीतली माणसे रोज संध्याकाळी घरी येऊन प्रार्थना करत. मनापासून करत, मोठ्याने करत. आजी गेली. तिच्या अंत्यविधीच्या उपासनेत कोणीतरी प्रार्थनेत देवाचे आभार मानले, की आमची विनंती तू तुझ्या पद्धतीने ऐकलीस. लेक बाकावरून उठली आणि मधल्या वाटेने बाहेर गेली. कोणाला वाटले, चक्कर आली असेल. पुढच्या रविवारी दुकान उघडे होते.

मास्तरांनी विचारले नाही. ती बोलेल तेव्हा बोलेल, असे त्यांनी ठरवले. मग न विचारण्याची दोघांनाही सवय होऊन गेली. घरात जेवताना मास्तर प्रार्थना करत तेव्हा ती घास हातात धरून थांबे. त्यांचे डोळे मिटलेले असत, त्यामुळे तिचे उघडे असतात की मिटलेले, ते त्यांना माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात उतरले. लेक चाक स्टँडवर लावून त्याचा आऊट काढत होती. चाक फिरवायचे, कुठे लचकते ते डोळा बारीक करून बघायचे, त्या जागचा स्पोक किंचित आवळायचा, पुन्हा फिरवायचे. हात काळे, कपाळावर एक काळा पट्टा.

“एक जुनी ट्यूब हवी होती,” मास्तर म्हणाले. “उभी चिरून, आडवी कापून. सपाट करून दे. पोरांना रबराचं पान हवंय.”

“पुन्हा मेंढरंच?”

“मेंढरं कुठे संपतात?”

“बाबा, तुम्ही त्या पोरांना काय काय शिकवता हो,” तिने चाकावरून नजर न काढता म्हटले. “परवा लांबूची आई आली होती ब्रेक घट्ट करायला. म्हणाली, लांबू म्हणतोय कप आणि अंगठी एकच.”

“एकच आहेत. दोघांना एकेकच भोक. मातीची अंगठी घे, तिचा एक भाग फुगवून त्यात खळगा कर, झाला कप. भोक कानात राहतं.”

“हो, ते खरं. पण तो आता अंगठीत चहा मागतोय.”

मास्तर हसले. मग तीही हसली, आणि चाक थांबवून त्यांच्याकडे बघितले. बटण घरी आल्या आल्या सगळे सांगते हे दोघांनाही माहीत होते. प्रश्नही सांगितलाच असणार. मास्तरांना वाटले, ती आता काहीतरी म्हणेल.

“रविवारपर्यंत देते,” ती म्हणाली आणि चाक पुन्हा फिरवले.

*

आठवडा उत्तराच्या मागे गेला. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मास्तर कागद घेऊन बसत आणि कुंपणे काढत. आजीच्या डब्यातली पांढरी बटणे म्हणजे मेंढरे. एक काळे, मोठे, कोटाचे बटण मेंढपाळ म्हणून घेतले होते. एक पांढरे बटण ते कधी आत ठेवत, कधी बाहेर, आणि दोन्हीकडे त्याच्याकडे बघत बसत.

आत म्हणावे तर लेक स्वतःच चिडली असती. ती उठून गेली होती, ते काही कोणी ढकलले म्हणून नव्हे. तिचे जाणे खोडून काढायचा आपल्याला काय अधिकार? आणि बाहेर म्हणावे, तर ते बटणाच्या तोंडावर म्हणायचे होते.

“आजोबा, उत्तर सापडलं?” बटण समोर मटार सोलत होती. सोललेल्यातले निम्मे तोंडात जात होते.

“शोधतोय.”

“मला एक सुचलंय. गोष्टीत एक मेंढरू हरवतं ना, मग मेंढपाळ नव्व्याण्णव तिथंच सोडून त्याला शोधायला जातो.”

“जातो.”

“मग आईला शोधायला कोण गेलं?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

“अगं, आई हरवलेली थोडीच आहे. ती खाली दुकानात आहे.”

“मग तर सोपंच आहे की,” बटण म्हणाली. “फक्त गल्ली ओलांडायची.”

तिने आणखी एक शेंग उघडली. मास्तर काळ्या बटणाकडे बघत होते. ते नव्व्याण्णवांच्या बरोबर मध्ये, पुढच्या बाकावर बसावे तसे बसले होते. त्यांनी ते बोटाने जरासे सरकवले आणि मग उगाचच पुन्हा जागेवर ठेवले.

शनिवारी वाटेत चर्चचे पाळकसाहेब भेटले. भला माणूस, मास्तरांचा जुना विद्यार्थी.

“मास्तर, तुमच्या तासाला पोरं वेळेआधी येतात. माझ्या प्रवचनाला येतील असं काहीतरी करा,” ते म्हणाले.

“तुम्ही रबरावर बोला,” मास्तर म्हणाले, आणि त्यांना हसवून पुढे गेले. त्यांना विचारता आले असते. पण पाळकांकडे त्या प्रश्नाचे पाळकांचे उत्तर असणार, आणि ते सुबक असणार. बटणाला सुबक उत्तर चालत नसे.

*

रविवारी मास्तर आधी वर्गात जाऊन फळा पुसत होते. बटण मागून आली ती गळ्यात हार घातल्यासारखी ट्यूब घालून. ट्यूब चिरलेली नव्हती, कापलेली नव्हती. उलट तिच्यात हवा भरलेली होती, आणि टायरचा अटकाव नसल्यामुळे ती फुगून बटणाच्या दंडापेक्षा जाड झाली होती.

“हे काय? सपाट करून हवी होती,” मास्तर म्हणाले.

“आई म्हणाली, कापायला वेळ नाही झाला.”

आता मुले येऊ लागली होती. काही करायला वेळ नव्हता. मास्तरांनी ट्यूब टेबलावर ठेवली. जुळ्या तिच्याभोवती नाचू लागल्या.

“ह्याला नाक आहे!”

“नाक नाही, व्हॉल्व्ह आहे तो,” बटण म्हणाली. “आणि हात लावू नका. हवा जाईल.”

“असू दे, जे आहे त्यावर काम करू,” मास्तर म्हणाले. त्यांनी ट्यूबवर खडूने एक छोटा वेडावाकडा वाडा काढला, आत एक मेंढरू ठेवले, बाहेर मेंढपाळ. मग मुलांनी आळीपाळीने रबर ताणले. वाडा लांब झाला, चपटा झाला, एकदा तर बदकासारखा झाला. मेंढरू आतच राहिले. लांबूने तीन-तीनदा बोट फिरवून खात्री केली आणि नाइलाजाने मान्य केले.

“मी काढू वाडा?” त्याने विचारले. “असा काढतो की कोणाच्या बापाला बाहेर पडता येणार नाही.”

“काढ.”

लांबूने खडू घेतला आणि ट्यूबभोवती, बोटात अंगठी असावी तशी, एक रेघ फिरवली. खालून नेऊन वर आणली आणि टोकाला टोक जुळवले. फट नव्हती. त्याने आणखी एकदा गिरवून ती जाड केली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका काढला.

“हे कुंपण. ह्या बाजूला मेंढरू, त्या बाजूला मेंढपाळ. बोला आता.”

“बाहेर!” जुळ्या एकदम ओरडल्या. “मेंढरू बाहेर!”

“एकदम बाहेर,” लांबू समाधानाने म्हणाला.

मास्तरांचा हात हवेतच राहिला होता. हे त्यांना ठाऊक होते. कॉलेजात शिकले होते, कित्येकदा स्वतः काढून पाहिले होते. आणि आठवडाभर ते टेबलावर सपाट कागद घेऊन बसले होते.

बटण उठली. तिने खिशातून आजीच्या डब्यातले एक पांढरे बटण काढले आणि मेंढराच्या ठिपक्यावर ठेवले. कुंपणापलीकडे, टिचभर अंतरावर, मेंढपाळ. तिने थोडा वेळ कुंपणाकडे बघितले. मग बटण बोटाखाली धरून ती उलट्या बाजूला निघाली. कुंपणापासून लांब, ट्यूबच्या पाठीवरून, व्हॉल्व्हच्या कडेने, टेबलाला वळसा घालत. लांबूला तिने कोपराने बाजूला सारले. सबंध गोल फिरून तिचे बोट मेंढपाळाजवळ येऊन थांबले.

कोणी आत ओरडले नाही, की बाहेर ओरडले नाही. ओरडायला काही झालेच नव्हते.

“चीटिंग!” लांबू म्हणाला.

“कुठाय चीटिंग? कुंपण ओलांडलं का मी?”

“नाही.”

“फाडलं?”

“नाही, पण…”

“चिकटवलं?”

लांबूने स्वतः बोट फिरवून बघितले. मग उलटीकडून बघितले. मग मास्तरांकडे बघितले. “मास्तर, कुंपण तर पक्कं आहे. पण ह्याला आत-बाहेर नाहीच.”

“नाहीच,” मास्तर म्हणाले.

“फळ्यावर तर होतं.”

“फळा सपाट होता.”

बटण अजून टेबलापाशीच उभी होती. तिचे बोट मेंढपाळाच्या ठिपक्याशेजारी होते. “मग आई?” तिने विचारले. आवाज बारीक होता. वर्गात सगळे थांबले, कारण सगळ्यांनाच तो प्रश्न आठवत होता.

मास्तर खुर्चीवर बसले. त्यामुळे त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीला आले.

“गेल्या रविवारी मी तुम्हाला कुंपण शिकवलं,” ते म्हणाले. “कुंपणाबद्दल सांगितलं ते सगळं बरोबर होतं. पण आत की बाहेर विचारायच्या आधी कुंपणाखालची जमीन कशी आहे, ते बघावं लागतं. ते मी बघितलं नव्हतं. ती सपाटच आहे असं मी धरून चाललो होतो.”

“आणि नाहीये का सपाट? देवाची?”

“मला माहीत नाही, बाळा. माझा देवावर विश्वास आहे. त्याची जमीन मी मोजलेली नाही.”

बटणाने विचार केला. सुबक उत्तर असते तर तिने ते तिथल्या तिथे मोडले असते. हे तिने बोटाखाली थोडे फिरवून बघितले आणि पांढरे बटण खिशात टाकले.

“बरं,” ती म्हणाली.

तेवढ्यात मागे फुस्स करून आवाज झाला. जुळ्यांपैकी एकीने नाक दाबले होते. ट्यूब टेबलावर हळूहळू लोळागोळा होत गेली, आणि दुसरी जुळी म्हणाली, “मास्तर, मी नाही, हिनं.”

*

उपासनेची पहिली घंटा झाली. मुले आपापल्या आईबापांकडे पळाली. मास्तरांनी ढिली पडलेली ट्यूब खांद्यावर टाकली, पायऱ्यांवर आलेल्या दोघा-तिघांना नमस्कार केला, आणि आत जाण्याऐवजी गल्ली ओलांडली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हते. रविवारी तिथे गर्दी असते, अशी त्यांची समजूत होती. लेक तेच चाक, किंवा तसलेच दुसरे, स्टँडवर लावून बसली होती. कोपऱ्यात कॉम्प्रेसर घरघरत होता. दाराशी चिरून सपाट केलेल्या जुन्या ट्यूबांची चळत होती; लोक कॅरिअरवर सामान बांधायला त्या पट्ट्या नेत. मास्तरांनी चळतीकडे बघितले. सगळ्यांत वरची पट्टी नुकतीच कापलेली होती, कडा अजून काळ्या चमकत होत्या.

कापायला वेळ झाला नव्हता, म्हणे.

“ट्यूब आणलीय,” ते म्हणाले. “हवा गेली हिची.”

“ठेवा तिथे. दुसरी घंटा होईल, जा तुम्ही.”

मास्तरांनी इकडेतिकडे बघितले, कोपऱ्यातले बुटके स्टूल पायाने ओढले आणि त्यावर बसले. गुडघे हनुवटीशी आले. लेकीने चाक थांबवले.

“काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

“छान वाटतंय.”

“मग?”

“बसलोय.”

दुसरी घंटा झाली. लेक पाना हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहिली. गल्लीतून चपलांचा फटफट आवाज आला आणि बटण दारात उभी राहिली, धापा टाकत.

“आजोबा, पाळकसाहेब विचारतायत, येताय ना? तुमची जागा धरून ठेवलीय.”

“बाकीचे सगळे आलेत का?”

“सगळे आलेत.”

“मग त्यांना सांग, मी इकडे आहे.”

बटणाने आजोबांकडे बघितले, मग आईकडे, मग त्या बुटक्या स्टुलाकडे. तिच्या चेहऱ्यावर हसू आले, जे ती लपवायचा प्रयत्न करत होती आणि तिला जमत नव्हते.

“सांगते,” ती म्हणाली आणि आली तशी पळत गेली.

“काय चाललंय तुम्हा दोघांचं?” लेक म्हणाली. “आणि काय सांगितलंत तिला? उत्तर द्यायचं होतं ना आज?”

“सांगितलं, जमीन बघून सांगतो.”

लेकीने मान खाली घातली. चाकाला उगाचच एक टिचकी मारली. ते फिरू लागले.

समोर ऑर्गनचा पहिला सूर लागला. त्याच क्षणी लेकीचा डावा हात मागे गेला आणि कॉम्प्रेसरचे बटण बंद झाले. तिने मागे वळून बघितले नव्हते. हाताला जागा माहीत होती, वेळ माहीत होती. घरघर थांबली आणि गीत गल्ली ओलांडून दुकानात आले, शब्दन्‌शब्द. चर्चची मधली खिडकी आणि दुकानाचे दार समोरासमोर होते. पुढच्या बाकावरून मास्तरांना ते कधी कळायचे कारणच नव्हते.

ते स्टुलावरून तिच्या हाताकडे बघत होते. लेकीच्या तेव्हा लक्षात आले, की त्यांनी हात बघितला. ती लाजली नाही, पण तिचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.

“दुसऱ्या कडव्यात ऑर्गनवाला पळतो,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “दर वेळी. आता बघा.”

दोघांनी ऐकले. ऑर्गनवाला पळाला. त्याच्या मागून सगळी मंडळी धडपडत निघाली. मास्तर पोट धरून हसले.

“मला कसं कधी कळलं नाही?”

“तुम्हाला कसं कळणार? तुम्ही तुमच्याच चालीनं जाता. सगळ्यांचं कडवं संपतं आणि मग तुमचा एकट्याचा शेवट उरतो.” तिने एक स्पोक आवळला. “इथं बसून तेवढाच वेगळा ऐकू येतो.”

समोर शेवटचे कडवे संपले. ह्या वेळी मागे कोणाचा आवाज उरला नाही. सगळे एकदम थांबले, आणि त्या जागी क्षणभर रिकामे वाटले. लेक चाक धरून बसली होती.

मग पाळकसाहेबांचा आवाज आला. प्रार्थना करू या. बाक सरकल्याचा, गुडघे टेकल्याचा आवाज आला. लेकीचा डावा हात पुन्हा मागे गेला, गीताच्या वेळी गेला होता तसाच, सवयीने. कॉम्प्रेसरच्या बटणापर्यंत पोहोचला आणि तिथे अडला. ती वडिलांकडे बघत होती.

मास्तरांनी खांद्यावरची ढिली ट्यूब काढली, मांडीवर घेतली आणि व्हॉल्व्ह चाचपून तिच्या बाजूला केला.

“लाव,” ते म्हणाले. “हवा भरायचीय ना हिच्यात?”

लेक आणखी क्षणभर थांबली. मग तिने बटण दाबले. घरघर सुरू झाली आणि पलीकडचा आवाज त्यात बुडून गेला. तिने पाइप ओढून व्हॉल्व्हला लावला. मास्तरांनी दोन्ही हातांनी ट्यूब धरून ठेवली. त्यांच्या बोटांखाली ती आधी उबदार झाली, मग भरत गेली. तिच्यावर लांबूची रेघ अजून होती, थोडी पुसटलेली, पण टोकाला टोक जुळलेली.

“पुरे?” लेकीने विचारले.

“अजून थोडी,” मास्तर म्हणाले.